शांततेचा हिशेब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



शांततेवर रेडिओवरून बोलायचं म्हणजे भर बाजारात उभं राहून मौनाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. पण आजच्या विषयाला ते शोभून दिसेल. कारण ज्या गावाची गोष्ट मी सांगणार आहे, तिथं रेडिओ लहरीच ऐकल्या जातात. फक्त त्या आकाशवाणीच्या नसतात, आकाशगंगेच्या असतात.

गाव खोडद, तालुका जुन्नर. पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानं निघालं की सत्तर-ऐंशी किलोमीटरवर नारायणगाव येतं. तमाशाच्या फडांचं नारायणगाव, विठाबाईंचं नारायणगाव, आणि आता टोमॅटोच्या बाजाराचंही. तिथून पूर्वेला आत वळलं, की ऊस, कांदा आणि द्राक्षांचे मांडव यांच्यामधून एकदम तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर. अशा तबकड्या तीस. त्यातल्या चौदा साधारण एक चौरस किलोमीटर जागेत उभ्या आहेत. उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरत शेजारच्या गावांच्या शिवारात गेल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांमधलं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास भरतं. पण काम करताना या तीसही जणी मिळून एकच कान होतात. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी.

डॉ. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञानं हे स्वप्न पाहिलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानं ते नव्वदच्या दशकात उभं केलं. भरीव पत्र्याच्या एवढ्या मोठ्या तबकड्या परवडल्या नसत्या आणि वाऱ्यापुढे टिकायलाही अवघड गेल्या असत्या. म्हणून ताणलेल्या दोरांवर बारीक तारांची जाळी बसवायची युक्ती काढली. वारा जाळीतून निघून जातो, लांब लहरी मात्र जाळीवर अडतात आणि परावर्तित होतात. २००२ पासून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ही दुर्बीण वापरू लागले. गोविंद स्वरूप २०२० मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, पुण्यात गेले.

ही दुर्बीण किती बारीक ऐकते, याचं एक उदाहरण देतो. १९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं ‘स्कियापरेली’ नावाचं यान मंगळावर उतरायला निघालं होतं. पृथ्वीपासून अंतर सतरा कोटी किलोमीटरहून अधिक. यानाचा ट्रान्समीटर जेमतेम काही वॉटचा, म्हणजे घरातल्या रात्रीच्या दिव्याच्या ताकदीचा. तो संदेश त्या वेळी खोडदला ऐकू येत होता. यान मंगळाच्या वातावरणात शिरलं, तरीही येत होता. मग उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडं आधी तो थांबला. यान कोसळलं होतं. मंगळावरच्या एका लहानशा यंत्राचा शेवटचा श्वास जुन्नर तालुक्यातल्या शेतात ऐकला गेला, ही साधी गोष्ट नाही.

आता प्रश्न असा, की हे खोडदलाच का जमलं? पुण्याच्या डेक्कनवर ही दुर्बीण बसवली असती तर? तर ती बहिरी झाली असती. आकाशातून येणाऱ्या लहरी अत्यंत क्षीण असतात. चंद्रावर एक साधा मोबाईल चालू करून ठेवला, तर तो या दुर्बिणींना आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक वाटेल. मग खिशातला मोबाईल काय धुमाकूळ घालेल, याचा विचार करा. म्हणून मोठ्या शहरांपासून दूर, डोंगरांची आड असलेली, वाऱ्याचा फार जोर नसलेली जागा शोधत शोधत शास्त्रज्ञ खोडदला पोचले.

श्रोतेहो, इथपर्यंत विज्ञान झालं. पण मला ही गोष्ट सांगावीशी वाटली ती आपल्या डोक्यातल्या गोंगाटामुळे. हल्ली भेटेल तो माणूस म्हणतो, डोकं शांत नाही. वाचायला बसलं तर दुसऱ्या पानावर लक्ष उडतं. मोबाईल कशासाठी हातात घेतला होता तेच विसरायला होतं आणि अर्धा तास कुठं गेला ते कळत नाही. नात्याचे, सोसायटीचे, ऑफिसचे गट दिवसभर टुणटुणत असतात. मग वाटतं, सगळं सोडून आठ दिवस कुठं तरी लांब जावं. रेंज नसलेल्या ठिकाणी.

ही इच्छा खोटी नाही. गढूळ पाणी निवळायचं असेल, तर भांडं हलवणं आधी थांबवावं लागतं. पण नुसतं लांब जाऊन काम भागतं का? खगोलशास्त्रज्ञांचा अनुभव या बाबतीत ऐकण्यासारखा आहे. कारण शांतता हा त्यांचा छंद नाही, रोजच्या कामाचं साधन आहे. त्यांनी ती कशी मिळवली, ते पाहू.

पहिली गोष्ट, त्यांनी स्वतःचा गोंगाट आधी झाकला. दुर्बिणीला त्रास देणारी यंत्रं बाहेरच असतात असं नाही. वेधशाळेतले संगणक आणि विजेची उपकरणंही रेडिओ लहरी फेकतात. म्हणून तिथं यंत्रांना धातूच्या आवरणात कोंडतात. तबकड्यांकडून येणारी माहिती प्रकाशतंतूंमधून आणतात. ऐकणाऱ्यानंच गलका करू नये, हा साधा नियम. आपण सुट्टीवर डोंगरात जातो आणि पोचल्यावर पहिलं काम काय करतो? फोटो काढून सगळ्यांना पाठवतो. मग कोणी पाहिला, कोणी काय लिहिलं, हे बघत बसतो. जागा बदलली, पण गोंगाट करणारं यंत्र आपण सोबतच नेलेलं असतं. आणि मोबाईल घरी ठेवला, तरी कुणाला काय उत्तर द्यायचं याची जुळवाजुळव डोक्यात चालूच राहते. ते यंत्र झाकायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट, त्यांनी गोंगाटाला नावं दिली. १९३० च्या सुमारास अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनिअरला एक काम मिळालं. समुद्रापलीकडे चालणाऱ्या रेडिओ टेलिफोनमध्ये खरखर येते, ती कशामुळे ते शोधायचं. त्यानं महिनोन् महिने खरखर ऐकली. ऐकता ऐकता तिचे प्रकार पाडले. एक जवळच्या वादळाची, दुसरी दूरच्या वादळांची, आणि तिसरी एक सततची सूं सूं. ही तिसरी रोज चार मिनिटं लवकर येत होती. तारेही रोज चार मिनिटं लवकर उगवतात. त्यावरून १९३३ साली त्यानं जाहीर केलं, की ही खरखर आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येते आहे. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा एका तक्रारीतून झाला.

याच्या उलटही घडतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून चमत्कारिक संदेश येत. ते दूरच्या विश्वातून आल्यासारखे दिसत, पण बहुतेक कामाच्या वेळेत येत. २०१५ मध्ये छडा लागला. कुणी तरी मायक्रोवेव्ह ओव्हन पूर्ण थांबण्याआधीच दार उघडत होतं, आणि त्या क्षणी निसटलेल्या लहरी दुर्बीण टिपत होती. विश्वाचं गूढ स्वयंपाकघरात सापडलं.

आपल्या डोक्यातल्या खरखरीचंही असंच आहे. सगळी एकत्र आली की आपण म्हणतो, ‘टेन्शन आहे.’ एक दिवस वही घेऊन बसा आणि नावं लिहा. हा कर्जाच्या हप्त्याचा आवाज, हा शेजाऱ्याच्या नव्या गाडीचा, हा सकाळी न बोललेल्या एका शब्दाचा. काही आवाज अगदी स्वयंपाकघरातले निघतील आणि दार नीट लावलं की थांबतील. पण एखादी बारीक सूं सूं अशीही निघेल, की जी रोज नेमानं येते आणि जिच्याकडे आपण अनेक वर्षं पाहिलेलं नाही. ती घालवायची नसते, ऐकायची असते. गोंगाटापासून दूर जायचं ते त्यासाठी.

तिसरी गोष्ट वेळेची. क्षीण संदेश एका नजरेत दिसत नाही. दुर्बीण आकाशाच्या एकाच बिंदूकडे तासन् तास रोखून धरतात. खरखर आडवीतिडवी असते, ती हळूहळू एकमेकीला खोडते. खरा संदेश थेंब थेंब साठत जातो. याचं गणितही ठरलेलं आहे. चौपट वेळ दिला तर स्पष्टता दुप्पट होते. चौपट कष्ट आणि दुप्पट फळ, हा व्यवहार आजच्या काळात कुणाला पटणार? पण २०२३ मध्ये याच दुर्बिणीच्या नोंदींतून जवळजवळ नऊ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजन वायूचा संदेश सापडल्याचं जाहीर झालं, तो अशाच चिकाटीमुळे. वाटेतल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं भिंगासारखं काम केलं, हे भाग्यच. पण ते भाग्य ऐकायला कुणी तरी बसलेलं असावं लागतं. शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री परत येणारी आपली शांतता बऱ्याचदा रंगायच्या आतच संपते, ती यामुळे.

श्रोतेहो, आता चौथी गोष्ट. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि शांततेवरच्या पुस्तकांत ती सहसा येत नाही. शांततेला खर्च येतो, आणि तो खर्च बऱ्याचदा दुसरंच कुणी तरी भरत असतं.

खोडदचंच बघा. वेधशाळेभोवतीच्या साधारण तीस किलोमीटरच्या टापूत नवा उद्योग आणायचा, तर त्यानं दुर्बिणीच्या कामात अडथळा येणार नाही ना, हे पाहिलं जातं. विजेच्या तारांवर ठिणगी उडाली, तरी ती दुर्बिणीला ऐकू येते. मोबाईल कंपन्यांशीही बोलत राहावं लागतं. पुणे–नाशिक रेल्वेचा आधीचा आराखडा या दुर्बिणीच्या जवळून जात होता. तिच्या कामात व्यत्यय येईल म्हणून रेल्वे मंत्रालयानं २०२५ मध्ये मार्ग बदलण्याची भूमिका मांडली, तेव्हा नारायणगाव, संगमनेर या पट्ट्यातून नाराजी उमटली. ती समजण्यासारखी आहे. वर्षानुवर्षं ज्या रेल्वेची वाट पाहिली, ती विश्व ऐकण्यासाठी दुसरीकडून जाणार, हे ज्याच्या पोराला कामासाठी चाकणला जावं लागतं त्याला कसं सांगायचं? दुर्बिणीचं काम मोलाचं आहे, यात वाद नाही. पण तिच्या शांततेत या शिवारातल्या माणसांचाही हिस्सा आहे, हे मान्य करायला हवं.

अमेरिकेत ग्रीन बँक नावाचं ठिकाण आहे. तिथल्या दुर्बिणीसाठी १९५८ मध्ये सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा शांत प्रदेश ठरवला गेला. दुर्बिणीजवळच्या वस्तीत मोबाईल आणि वायफायवर बंधनं आली. मजा अशी, की शहरातल्या गोंगाटाला कंटाळलेली काही माणसं मुद्दाम तिथं राहायला गेली. एकाला जी गैरसोय, तीच दुसऱ्याला सुटका वाटली. फरक एवढाच, की गेलेल्यांनी ती निवडली होती. मूळच्यांना ती पत्करावी लागली.

हे नवं नाही. खोडदपासून फार दूर नाही ते जुन्नर. लेण्याद्री, तुळजा, शिवनेरीच्या पोटातली लेणी मिळून जुन्नरभोवती दोनशेच्या वर लेणी आहेत. महाराष्ट्रात एका ठिकाणी एवढी दुसरीकडे नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू पावसाळ्यात इथं राहत, ध्यान करत. आपल्याला वाटतं, ते जगापासून पळून रानात गेले असतील. पण ही लेणी नाणेघाटातून येणाऱ्या व्यापारी वाटेवरच्या गजबजलेल्या शहराच्या अवतीभवती आहेत. त्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. धान्याचे व्यापारी, बांबूचं काम करणारे, कासार यांच्या श्रेणी, म्हणजे त्यांच्या संघटना, आणि परदेशी यवनसुद्धा. कुणी लेणं कोरून दिलं, कुणी पाण्याचं टाकं. बाजारानं आपल्या कमाईतून शांतता विकत घेतली आणि ती भिक्षूंना वापरायला दिली. महत्त्वाचं हे, की देणाऱ्याचं नाव दगडावर कोरलं गेलं. खर्च कुणी केला, ते लपवलं नाही.

आपल्या घरात मात्र ही नावं कोरली जात नाहीत. तुकाराम महाराज भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत, हे आपल्याला पाठ असतं. डोंगर चढून भाकरी घेऊन येणारी आवलीही परंपरेनं जपली, पण बरीचशी कजाग म्हणून. तिच्या पायातल्या काट्याचा हिशेब एकांताच्या खात्यात मांडायला आपण विसरलो. आजही घरातला कर्ता पुरुष म्हणतो, मला जरा शांतता हवी, आणि दार लावून घेतो. तेव्हा दाराबाहेर मुलांना गप्प कोण करतं? गॅसवरचं दूध कोण बघतं? दारावरची बेल कोण उघडतं? त्या बाईच्या डोक्यातला गोंगाट निवळायचा कधी?

इगतपुरीच्या धम्मगिरीचं मला यासाठी कौतुक वाटतं. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले. १९७६ पासून इगतपुरीचं केंद्र सुरू आहे. दहा दिवस बोलणं नाही, मोबाईल नाही, वाचन-लेखन नाही. त्या साधनेविषयी ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्यातली व्यवस्था आवडते. शिबिराला फी नसते. आधी येऊन गेलेल्यांच्या दानावर ते चालतं. आणि जुने साधक सेवक म्हणून येतात, नव्यांसाठी राबतात. म्हणजे आज तुम्ही गप्प बसलात, तर उद्या दुसरा गप्प बसावा म्हणून काम करायची वाट तिथं मोकळी आहे. शांतता तिथं उसनी मिळते, आणि ती फेडताही येते.

दुसरं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव. करोनाच्या काळात मुलांचा अभ्यास मोबाईलवर गेला आणि नंतर मोबाईल काही सुटेना. तेव्हा गावानं ठरवलं, २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास घराघरातले टीव्ही, मोबाईल बंद राहतील. सुरुवातीला लोक हसले. मग पोरं वह्या उघडून बसू लागली, माणसं एकमेकांशी बोलू लागली. या गावाला लांब कुठं जावं लागलं नाही. भोंगा सगळ्यांसाठी एकच वाजला, म्हणून कुणा एकावर ओझं पडलं नाही. पोराला अभ्यासाला बसवून बापानं मालिका बघायची सोय उरली नाही. आणि मित्र ऑनलाइन आहेत, आपणच मागे पडलो, ही रुखरुखही पोराला राहिली नाही. मन एकट्यानं आवरणं अवघड जातं, याचं अर्धं कारण हेच असतं की बाकीचे सगळे चालू असतात.

दुर्बिणीच्या तीस तबकड्यांतही हेच तत्त्व आहे. एकीला जवळच्या मोटारीचा आवाज येतो, दुसरीला विजेच्या तारेचा. जे सगळ्यांना मिळून ऐकू येतं, ते आकाशातलं धरायचं. एकीलाच ऐकू येतं, ते तिच्या शेजारचं. मिळून ऐकलं की खरं काय ते कळतं.

म्हणून, श्रोतेहो, ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर लांब जावं. पण जाण्याआधी घरात विचारावं, मी नसताना माझं काम कोण करणार, आणि त्याच्या शांततेची पाळी कधी? देवदर्शनाला जाताना आपण घरात पाळ्या लावतोच. तशाच मौनाच्या पाळ्या लावाव्यात. एक रविवार आईचा. त्या दिवशी चहा दुसऱ्यानं करायचा आणि ‘साखर कुठंय’ हे विचारायचं नाही. आणि ज्यांना कुठंच जाणं शक्य नाही, त्यांनी संध्याकाळचा एक तास घरानं मिळून ठरवावा. सगळ्यांचे मोबाईल एका डब्यात. कमावत्याचाही, आजोबांचाही. पहिले चार दिवस घर खायला उठेल. मग निवळेल.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, खोडदची वेधशाळा लोकांसाठी खुली होते. आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडतात, हजारो लोक येतात. कधी गेलात, तर एखाद्या तबकडीखाली क्षणभर उभे राहा. तिच्यावर पडणारी एखादी लहर माणूस पृथ्वीवर येण्याआधीच निघालेली असेल. आणि ती ऐकू यावी म्हणून भोवतीच्या गावांनी काय सोडलं, तेही जाता जाता एखाद्या शेतकऱ्याला विचारून घ्या.

माझी वेळ संपत आली. आता रेडिओ बंद केलात तरी चालेल. फक्त बंद केल्यावर दोन मिनिटं दुसरं काही लावू नका.